नऊ मीटरचा रस्ता

९ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

डोक्यावर केस उरले नसले तरी तुला चि. च लिहिणार. फोन केला असता, पण फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर लिहिलं की तुला उत्तर द्यावंच लागतं.

आपल्या घरामागचं मोकळं रान विकलं गेलंय. त्यात बेचाळीस प्लॉट पाडणार आहेत. हे मला कुणी सांगितलं नाही. नियमाप्रमाणे जागेवर फलक लावायचा असतो, लोकांच्या हरकती मागवायला. लावलाय की फलक, पण त्याचं तोंड रानाकडे. रस्त्यावरून नुसता मागचा पत्रा दिसतो. मी तारेखालून वाकून पलीकडे गेले, बाही फाडून घेतली, तेव्हा वाचता आला. तीस दिवसांची मुदत, त्यातले एकोणीस उलटलेले. म्हणजे हरकत घ्यायला फक्त रानातल्या सरड्यांना बोलावलं होतं.

त्या बेचाळीस घरांच्या गाड्या जाणार कुठून, तर आपल्या दारावरून. समोरची भिंत आणि आपलं कुंपण यांच्यामध्ये रस्ता तो केवढा. दोन ट्रक समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं.

गेल्या महिन्यात दोन माणसं तिपाई आणि मोजपट्टी घेऊन आली होती. न विचारता फाटक उघडून आत. माझ्या पिळलेल्या चादरी बाजूला सारून पट्टी धुण्याच्या दगडाला टेकवली, बुटाने दगडावरचा साबणाचा थर खरवडला आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. दगड बघून हसू येणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

तू मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलीस. हरकत कशी लिहायची ते सविस्तर कळव. माझी रोपवाटिका म्हणजे कुंपणालगतची पेरूची आठ झाडं, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्याच फांद्यांवर गुटी बांधून मी रोपं करते. त्या झाडांना धूळ आणि धूर मानवणार नाही.

तुझी
ताई

१६ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. फलक उलटा लावणं ही जुनी युक्ती आहे. त्याचा फोटो काढून ठेव.

हरकत थोडक्यात लिही. सांडपाणी कुठे सोडणार, पिण्याचं पाणी कुठून आणणार, पावसाचं पाणी रानातून उताराने तुझ्याकडे येतं त्याचं काय, एवढे तीन मुद्दे पुरे. पाच प्रती काढ. एकीवर पोच घे, शिक्का आणि तारीख बघून घे. शिक्का पुसट असेल तर पुन्हा मारायला लाव.

हद्दीच्या वादात मात्र पडू नकोस. त्यात शिरलीस की ते तुझीच जागा नव्याने मोजतील, आणि मोजणीत काय निघेल ते सांगता येत नाही.

त्या माणसांनी पट्टी नक्की कुठे टेकवली होती? दगडाला, की नळाच्या कट्ट्याला? सहज विचारतो.

इकडे सगळे ठीक. मेअखेरीस निवृत्त होतोय. हिने आत्तापासून दिवस मोजायला घेतलेत.

तुझा
धाकटा

६ डिसेंबर

चि. धाकट्या,

दगडाला. नळाच्या कट्ट्याला नाही. तुला याचं काय पडलंय देव जाणे, मी काय लिहिते ते नीट वाच.

हरकत दिली. खिडकीतल्या कारकुनाने पहिल्यांदा म्हटलं, मुदत संपली. मी बोटांवर दिवस मोजून दाखवले. मग म्हणाला, पाच प्रती लागतात. मी पाचही पुढे केल्या. मग म्हणाला, साहेब रजेवर आहेत. मी म्हटलं, साहेबांचा शिक्काही रजेवर आहे का? तेव्हा कुठे मारला. पुसट मारला. पुन्हा मारायला लावला.

मग मी नकाशा बघायला मागितला. तासभर बाकावर बसवून ठेवल्यावर दाखवला. धाकट्या, त्या नकाशात आपल्या दारावरचा रस्ता नऊ मीटर रुंद आहे. एवढ्या प्लॉटांना नऊ मीटरचा रस्ता लागतो म्हणे, तर नकाशात नऊ मीटर काढलाय. आणि माझी आठही पेरूची झाडं त्या रस्त्यात उभी आहेत. त्यांच्यावर तिरप्या रेघा मारून बारीक अक्षरात लिहिलंय, "रस्त्यावरील अतिक्रमण".

म्हणजे मी अतिक्रमण. ज्या अंगणात मी रांगले, ज्याची घरपट्टी एक वर्ष चुकवली नाही, त्या अंगणात मी घुसखोर. कारकून म्हणाला, "आजी, लोक नकळत पुढे सरकतात." त्याला म्हटलं, मी नाही सरकले, तुमची पट्टी सरकली.

बाहेर पडताना तो प्लॉटवाला भेटला. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. जिन्यावर हात धरून उतरवतो काय, "मावशी, तुमच्यासाठी एक कोपऱ्याचा प्लॉट राखून ठेवतो" म्हणतो काय. माझीच जागा घेऊन मलाच विकायला निघालाय.

तर आता तू सांग. सहा मीटरचा रस्ता नऊ मीटर कसा होतो? आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यास, बहिणीची तीन मीटर जागा कुठे गेली ते शोधून दे.

ताई

१८ डिसेंबर

ती. ताई,

तुझा राग रास्त आहे. पण रागाने फाइल हलत नाही.

सुनावणीत पाण्याचे तीन मुद्दे धरून बस. ते भक्कम आहेत. हद्दीबद्दल विचारलंच तर "माझा वाद नाही" एवढंच म्हण. तसं म्हटल्याने तुझं काही जात नाही.

आणि समजा झाडं हलवायची वेळ आलीच, तर त्यांच्या खर्चाने मागच्या अंगणात लावून मागता येतील. तडजोडीत कमीपणा नाही. निवृत्त झालो की मी स्वतः येतो आणि सगळं बघतो. तोवर दम धर.

धाकटा

२५ जानेवारी

धाकट्या,

चि. आज लिहीत नाही.

काल सुनावणी झाली. माझं नाव पुकारल्यापासून "बसा" म्हणेपर्यंत चार मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं मी. नगररचना अधिकारी एक बाई आहेत, चष्म्यावरून बघतात. पाण्याचा पहिला मुद्दा वाचला, गोडबोल्याच्या माणसाने एक कागद पुढे केला. दुसरा वाचला, दुसरा कागद. तिसऱ्याला तर त्याच्याकडे रंगीत चित्र तयार होतं. कागद आधीपासून क्रमाने लावून आणले होते. तुझे भक्कम मुद्दे भुईसपाट.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला स्वतःहून विचारलं, "रस्त्याच्या हद्दीबद्दल तुमचा वाद आहे का? असेल तर आत्ता सांगा." चांगलं विचारलं होतं रे त्यांनी. गोडबोल्यासुद्धा मोबाइल बघायचा थांबला. आणि मी, चौतीस वर्षं जमिनी मोजणाऱ्या भावाची बहीण, म्हणाले, "माझा वाद नाही."

मंजुरी दिली. रस्त्यावरचं अतिक्रमण साठ दिवसांत काढायचं, या अटीवर. आज सकाळी येऊन फक्की मारून गेले. पांढरी रेघ माझ्या धुण्याच्या दगडापासून सुरू होते आणि पायरीसमोरून सरळ जाते. झाडांवर लाल रंगाने आकडे घातलेत, एक ते आठ. तिसऱ्या आणि पाचव्यावर गुट्या बांधलेल्या आहेत, आत्ता कुठे मुळं फुटतायत.

मागच्या अंगणात हलव म्हणतोस. बावीस वर्षांचं झाड म्हणजे खुर्ची आहे का, इथून उचलून तिथे ठेवायला? एक वाचणार नाही. आणि ती मेली की माझ्याकडे विकायला काय उरतं, रिकाम्या पिशव्या?

एक गोष्ट मला रात्रंदिवस छळतेय. तू मला "वाद नाही" का म्हणायला लावलंस? तुझी अक्कल कमी नाही, हे मी जाणून आहे. मग दुसरं काय आहे?

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

तीन कागद फाडून हा चौथा लिहितोय.

तो धुण्याचा दगड हा आपल्या हद्दीचा दगड आहे. रस्त्याच्या कडेला, आत्ता कुंपणाचा कोपरा आहे तिथे रोवलेला होता. खालच्या टोकाजवळ फुली कोरलेली आहे बघ. गवंड्याची खूण म्हणून तू तिच्याकडे कधी लक्ष दिलं नसशील. ती सरकारी मोजणीची खूण आहे. तो मी हलवला.

मी अकरा वर्षांचा होतो. तू त्या वर्षी शाळेसाठी मावशीकडे होतीस. आईची कंबर धरली होती, तिला उकिडवं बसता येईना. जमिनीवर धुणं घासताना ती तोंडात पदराचा बोळा धरायची, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मला तो दगड दिसला. बाबा ट्रकवर गेले होते. पहारीने दोन दिवस खणला, लोळवत लोळवत नळापाशी नेला आणि तिरपा रोवला. आईला स्टुलावर बसून धुता येऊ लागलं. तिला सांगितलं, रस्त्यावर पडला होता. बाबांना वाटलं आईने कुणाकडून आणवला. तू परत आलीस तेव्हा तो तिथे होताच.

त्यांच्या मोजणीदाराने फुली पाहिली आणि हद्द तिथेच धरली. सचोटीचा माणूस असता तर उरलेल्या तीन कोपऱ्यांवरून पडताळून बघितलं असतं. पण त्याला हवा तो आकडा मिळाला, म्हणून तो हसला. तुझ्या पहिल्या पत्रातच मला सगळं कळलं होतं.

गप्प का बसलो ते लिहायला लाज वाटते. हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहे. माझ्या खात्यात तर त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. उभा जन्म मी लोकांना त्यावरून दरडावलं आणि दर सुट्टीत तुझ्याकडे येऊन त्याच दगडावर पाय धुतले. निवृत्तीला चार महिने राहिलेत. चौकशी लागली तर सगळं अडकेल, या भीतीने मी पाणी आणि सांडपाणी लिहीत राहिलो.

पण उपाय आहे. जुने मोजणीदार दगड रोवण्याआधी खड्ड्याच्या तळाशी ओंजळभर कोळसा आणि खापराचे तुकडे टाकायचे. दगड हलतो, कोळसा कुजत नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात हातभर खणलं तर तो सापडेल. धुण्याच्या दगडाखाली काही सापडणार नाही. पुनर्विचाराचा अर्ज आजच कर, मंजुरीपासून तीस दिवसांच्या आत. खणताना बाईंना हजर राहायला सांग. तू एकटी खणू नकोस, नाहीतर कोळसा तूच पुरलास म्हणतील.

माझं नाव मेअखेरपर्यंत काढलं नाहीस तर उपकार होतील. काढलंस तरी मी काही म्हणणार नाही.

धाकटा

८ फेब्रुवारी

अर्ज दिला. पोच घेतली.

अकरा वर्षांच्या पोराने आईसाठी दगड हलवला, त्याचा मला राग नाही. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने बहिणीला तीन महिने घुसखोर म्हणवून घेऊ दिलं, त्याचा आहे. मी त्या खिडकीसमोर हात जोडून उभी होते आणि तू तिकडे बसून मूग गिळत होतास. वर मला म्हणतोस, दम धर.

मला आता पत्र लिहू नकोस.

१ मार्च

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. पाहणी झाली का? कोळसा निघाला का? एका ओळीने कळव. शेजारच्या शिंपीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "ताईंनी सांगितलंय, तुम्हाला काही सांगायचं नाही."

धाकटा

१२ मार्च

धाकट्या,

शिंपीणबाई शब्दाला पक्क्या निघाल्या, एवढं तरी बरं झालं.

परवा पाहणी झाली. अधिकारी बाई आल्या, त्यांच्या कार्यालयाचा मोजणीदार आला, गोडबोल्या आणि त्याचा हसरा मोजणीदारही आला. अख्खी आळी कुंपणाला टेकून उभी. कोपऱ्यात खणायला घेतलं. एक वीत, दीड वीत, नुसती माती. गोडबोल्याने माझ्याकडे बघून असा काही सुस्कारा टाकला, जणू त्याला माझी दयाच आली असावी. हातभर खाली पहार खसकन् रुतली आणि काळं निघालं. बाई स्वतः उकिडव्या बसल्या, चिमूटभर उचललं, बोटांवर चोळलं, मोजणीदाराकडे बघितलं. तो म्हणाला, "कोळसा. आणि हे खापर." मग धुण्याचा दगड उपसला. त्याच्याखाली चिखल, एक गंजलेली पिन आणि एक बटण. तुझ्याच चड्डीचं असणार, तू बटणं टिकवलीस कधी?

हसऱ्या मोजणीदाराला बाईंनी विचारलं, "उरलेले तीन कोपरे तपासले होते?" तो आकाशाकडे बघायला लागला.

पण गोडबोल्या कच्च्या गुरूचा चेला नाही. म्हणाला, "मॅडम, हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे. तो कुणी हलवला ते आधी लिहून घ्या." बाईंनी पेन उघडलं आणि मला विचारलं, "कुणी हलवला?"

मी तुझं नाव घ्यायचं ठरवूनच आले होते. महिनाभर मनात तेच घोकत होते. पण समोर तो खड्डा, ती पिन, ते बटण. आणि मला तो तोंडातला पदराचा बोळा आठवला. मी तो बघितलासुद्धा नव्हता, तू लिहिलास तेवढाच. मी म्हणाले, "मी हलवला. लहानपणी." बाईंनी लिहिलं, मी सही केली.

जन्मात पहिल्यांदा खोट्यावर सही केली, तीही तुझ्यापायी. माझ्यावर आता काय कारवाई होते ते बघायचं. माझं असं काय अडकणार आहे? मला कुणी निवृत्त करत नाही. पण तुला माफ केलं असं समजू नकोस. मेअखेर सुखाने घरी बस.

ताई

२० मार्च

ती. ताई,

तुझं पत्र कचेरीत पोचलं, टेबलावरच वाचलं. डबा तसाच राहिला.

त्याच दुपारी वरिष्ठांकडे लेखी जबाब दिला. दगड मी हलवला, अमुक वर्षी, अमुक कारणाने, बहिणीचा त्याच्याशी संबंध नाही, ती तेव्हा गावात नव्हती. त्याची प्रत तुमच्या नगररचना कार्यालयाला पाठवली. पोच घेतली, शिक्का ठसठशीत आहे.

वरिष्ठांनी चष्मा काढून विचारलं, "अकरा वर्षांच्या मुलाने एवढा दगड नेला कसा?" मी म्हटलं, दोन दिवस लागले. चौकशी होईल. निवृत्तीचे कागद तोवर थांबतील. हिला सांगितलं तर म्हणाली, हे नोव्हेंबरातच केलं असतंत तर वन्संना एवढा त्रास झाला नसता. तिचंही खरं आहे.

तुझी सही खोडून घे. मला तेवढंच हवंय.

धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्या,

तुला काही धड करता येत नाही. मी इतक्या धीटपणे खोटं बोलले आणि तू मागून येऊन मला अख्ख्या कार्यालयासमोर खोटारडी ठरवलंस.

बाईंनी बोलावून घेतलं. टेबलावर माझा जबाब आणि शेजारी तुझा. म्हणाल्या, "या कार्यालयात चूक कबूल करायला आजवर एक माणूस आला नाही. एका दगडासाठी तुम्ही दोघं रांग लावताय." मग दोन्ही मला मोठ्याने वाचून दाखवले. तुझा वाचताना त्या मध्येच थांबल्या, आईपाशी. मी खिडकीकडे बघत बसले. मग माझा जबाब रद्द केला आणि पुन्हा असं करू नका म्हणून दम दिला, शाळेतल्या पोरीला देतात तसा. मी खाली मान घालून ऐकला.

तुझ्याबद्दल त्यांनी तुझ्या खात्याला लिहिलंय. काय लिहिलं ते सांगितलं नाही, पण वाईट लिहिणाऱ्याचा चेहरा तसा नसतो.

मंजुरी रद्द झाली. रस्ता सहा मीटरचाच आहे असा आता सरकारी कागद आहे, माझ्याकडे त्याच्या पाच प्रती आहेत. हसऱ्या मोजणीदाराला खुलासा मागितलाय. गोडबोल्याने पलीकडच्या मोठ्या रस्त्याने वाट काढून नव्याने अर्ज केलाय. करू दे. या वेळी फलक माझ्या फाटकासमोर लावलाय, तोंड माझ्याकडे करून. रोज सकाळी वाचते.

झाडांवरचे लाल आकडे घासून निघत नाहीत. राहू देत. तिसऱ्याच्या गुट्या उतरवल्या, एकोणीस रोपं धरली.

दगड काल वाजतगाजत नव्हे, पण चार माणसं लावून त्याच्या जागी नेऊन रोवला, कोळशावर. खाली फुली, वर साबण. सरकारी माणूस पुसायला गेला तर मी म्हटलं, असू दे तो, आईचाही आहे त्यात.

एक मात्र तुला विचारायचं आहे आणि ते मी रागानेच विचारतेय. आईची कंबर गेली होती हे मला त्या वर्षी कुणी का कळवलं नाही? मावशीकडे दर आठवड्याला पत्र यायचं. सगळे कुशल आहेत, अभ्यास कर. आपल्या घरात पत्रात खरं लिहायची पद्धत कधी नव्हतीच. तू तरी आता मोड ती.

आज सकाळी नळाशी उकिडवी बसून धुणं धुतलं. दोन चादरींत कंबर भरून आली. चौकशी संपो न संपो, सुट्टी काढ आणि ये. येताना एक दगड घेऊन ये. विकत घेतलेला.

तुझी
ताई